समोरची कड

मावशीचा अंगठा नाण्याच्या कडेवरून फिरत होता आणि दुकानातले सगळे श्वास रोखून त्या अंगठ्याकडे बघत होते. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत अंगठा जरासा अडखळला, मागे आला, पुन्हा पुढे सरकला.

"भिंगरी, काय दिसतंय?"

भिंगरीने भिंग डोळ्याला लावलं. "दोन्ही बाजूंना छापाच आहे, मावशी. काटा नाहीच मुळी!"

"ते रंगाऱ्यालाही दिसलंय, म्हणून तर तो इथे आलाय. कडेच्या आत बघ."

भिंगरीने नाणं उजेडात तिरकं धरलं. "रेघ आहे. केसाएवढी. आतून गोल फिरलीय."

मावशीने नाणं बोटावर तोलून टिचकी मारली. टण् व्हायला हवं होतं तिथे थप्प झालं. "दोन नाणी आहेत. एक पोखरलंय, दुसरं घासून त्यात बसवलंय. टांकसाळीत असं होऊच शकत नाही. टॉस जिंकायचं खेळणं आहे हे."

नखांत अजून निळा रंग असलेला तो रंगारी एकदम मांडीवर थाप मारून उठला. "म्हणजे माझा मेहुणा दहा वर्षं मला गंडवतोय! जिना कोण झाडणार म्हणून दर रविवारी टॉस. दर रविवारी हा 'छापा' म्हणतो. आणि दर रविवारी झाडू माझ्या हातात!"

दुकान खदखदून हसलं. मावशीने समोरचा कागदाचा तुकडा ओढला आणि जाड पेनाने लिहिलं: खोटं. मग क्षणभर थांबून खाली आणखी एक ओळ घातली: पण कारागिराचा हात चांगला.

अशी होती मावशी. खोट्यालासुद्धा त्याचं श्रेय द्यायची.

जुनी तिकिटं आणि नाणी विकणारं ते दुकान एका जिन्याखाली होतं आणि इतकं चिंचोळं होतं, की आत आलेल्याला बाहेर जायचं असलं तर सगळ्यांनी उठून उभं राहावं लागे. मालकाची मिशी मात्र दुकानाला न शोभणारी, ऐसपैस. तिच्यामुळे सगळे त्यांना मिशीवाले म्हणत. दर रविवारी सकाळी ते खिडकीजवळचं टेबल मावशीला रिकामं करून देत, आणि मग लोक आपापली 'चुकीची' नाणी घेऊन येत. कुणाला सुट्ट्या पैशांत मिळालेलं, कुणाला पायरीवर सापडलेलं. ठसा सरकलेला, आकडा दुहेरी उठलेला, चित्र अर्धंच उमटलेलं. प्रत्येकाला एकच विचारायचं असे, ही चूक खरी आहे का?

कारण चूक खोटीही असते. हे भिंगरीला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती दोन दिवस वर्गात दुसरं काही बोललीच नव्हती. चूक, आणि तीही बनावट! लोक घरी बसून, कानस घेऊन, हातोडी घेऊन, मन लावून चुका करतात!

"खरी चूक कारखान्यात जन्मते, खोटी चूक घरात," मावशी म्हणायची. "नाणं कसं होतं ते पाठ कर. मग ते कसं बिघडतं ते आपोआप कळेल."

मावशीला पाठ असणारच. एकतीस वर्षं ती टांकसाळीत तपासणीच्या टेबलावर बसली होती. समोरून पट्ट्यावर नाणी वाहत यायची, नदीसारखी, आणि बिघडलेलं नाणं दिसलं रे दिसलं की तिचा हात बगळ्यासारखा खाली जायचा. उजव्या अंगठ्यावरच्या रेषा त्या नाण्यांनीच पुसून नेल्या होत्या. गेल्या वर्षी बँकेतल्या यंत्राने तो अंगठा ओळखायला साफ नकार दिला. चार वेळा पुसून ठेवला, तरी नाही. तिथल्या मुलीला काय करावं कळेना, आणि मावशी आपली हसत होती. "आयुष्यभर ठसे तपासले गं, शेवटी माझाच पुसला गेला."

भिंगरीला वाटायचं, जगात सगळ्यांना अंगठा असतो, पण असा अंगठा एकच.

ती मावशीच्या सगळ्यात धाकट्या बहिणीची मुलगी. एका जागी दोन मिनिटं बसली तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघत, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. पण गेल्या चार रविवारांपासून ती मावशीशेजारच्या स्टुलावर तीन-तीन तास बसत होती, हूं की चूं न करता. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गुरुवारी पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. तोवर मावशीचे डोळे म्हणजे भिंगरी. "मी विचारीन, तू सांगशील," मावशीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "दिसेल ते सांगायचं. वाटेल ते नाही." भिंगरीने ते वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं आणि खाली तीन रेघा मारल्या होत्या.

रंगारी मेहुण्याला फोन लावत बाहेर पडला, आणि त्याच फटीतून लॉन्ड्रीवाल्या काकू आत आल्या.

"आल्या!" मिशीवाले म्हणाले. "आज काय, काकू? गेल्या खेपेचं तर इस्त्रीखाली सापडलेलं निघालं होतं."

"हसा, हसा," काकू म्हणाल्या. "तुमची मिशी एकदा माझ्या मशीनमध्ये घालते, मग बघू कोण हसतं."

काकूंची कोपऱ्यावर लॉन्ड्री होती. लोकांच्या खिशांत राहिलेली नाणी मशीनच्या जाळीत अडकत. ज्याची त्याला परत करून झाली, की कुणाचीच नसलेली काकूंकडे राहत. त्यांतलं एखादं वेडंवाकडं दिसलं की काकू ते साबणाच्या डबीत घालून आणत. गेली दोन वर्षं आणत होत्या. सगळ्याच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता: खोटं. मशीनच्या फिरकीत काठ चेपलेली, दारात सापडून वाकलेली. भिंगरीने एकदा विचारलं होतं, खरं निघालं तर विकणार का? त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "विकायचं कशाला? मला एकदा नुसतं 'खरं' ऐकायचंय गं. माझ्या हाताला कधी काही खरं लागलेलं नाही."

आज काकूंनी डबी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात लगेच काढला नाही.

"पुलाचं आहे," त्या म्हणाल्या.

मिशीवाल्यांचा हात आपसूक मिशीकडे गेला.

पुलाचं नाणं तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी नदीवर मोठा पूल बांधून झाला तेव्हा काढलेलं पाचाचं नाणं, मागच्या बाजूला सात कमानी. पाचच महिने पाडलं. एकाच यंत्रावर. आणि ते सगळं एकाच टेबलावरून तपासून गेलं, चार नंबरच्या. त्या टेबलावर एकच बाई बसायची. टेबलाची ही गोष्ट काकूंना मात्र ठाऊक नव्हती. एकोणीस वर्षं हौशी लोक पुलाच्या नाण्यात चूक शोधत होते आणि कुणालाही सापडली नव्हती. मावशीच्या घरी भिंतीवर एक पितळी ढाल होती, निवृत्त होताना साहेबांनी दिलेली. तिच्यावर कोरलं होतं: पुलाचे नाणे, एकही दोष नाही. मावशी स्वतःबद्दल फुशारकी मारणारी नव्हती, पण ढाल दर शनिवारी लिंबू लावून घासायची. गेल्या महिन्यात नजर फार अंधुक झाली आणि ती नुसती खुर्चीत बसून राहू लागली, तेव्हाही ढाल घासायची चुकली नाही. "एवढं तरी नीट केलं मी," असं एकदा तिच्या तोंडून निसटलं होतं.

आणि मिशीवाले? ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पुलाचं चुकीचं नाणं आणा, ही मिशी उतरवतो."

"बघू," मावशी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "भिंगरी, तू आधी."

भिंगरीने डबी उघडली.

नाण्याला एका बाजूने चावा घेतलेला होता. एखाद्या बिस्किटाचा कडेचा तुकडा कुणी गोल, सफाईने खावा तसा. तिने वजनकाट्यावर ठेवलं. नऊ ग्रॅम हवं होतं, आठ पूर्णांक चार भरलं. पण वजन कमी असण्याने काही ठरत नाही. तुकडा कुणी कापून काढला तरी वजन कमीच भरणार.

तिने भिंग लावलं. चाव्याजवळची अक्षरं तुटलेली नव्हती. ती चाव्याकडे जाता जाता निमुळती झाली होती, जणू धातू तिकडे ओघळला होता.

आता समोरची कड.

हे मावशीने तिला ओल्या मातीवर शिकवलं होतं. मातीची पोळी लाटून बाटलीच्या झाकणाने चकत्या पाडल्या, आणि एक चकती मुद्दाम आधीच्या भोकावर चढवून पाडली. झाला चावा. मग ती चकती दोन पट्ट्यांमध्ये धरून फिरवली. कोऱ्या चकतीची कड अशीच दाबून वर उठवतात, ठसा त्यानंतर बसतो. जिथे चावा आहे तिथे पट्टीला दाबायला काहीच नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही दाब पडत नाही. तिथली कड उठतच नाही, सपाट राहते. "दोघं दोरी ओढतात बघ," मावशी म्हणाली होती. "एकाने सोडली की दुसऱ्याकडची आपोआप सैल. कानस मारणारा चावा अगदी हुबेहूब करतो, पण त्याला समोरची कड सपाट करता येत नाही. ती आधीच उठलेली असते."

भिंगरीने नाणं अर्धं फिरवलं.

कड सपाट होती. चाव्याच्या बरोबर समोर, बोटाच्या रुंदीएवढी, बसकी, निखालस खरी.

इतकं सुंदर नाणं तिने कधी बघितलं नव्हतं. एरवी ती स्टुलावरून उडालीच असती. पण तिने मान वर केली, तर मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती, धुरकट डोळे अर्धे मिटून, हात मांडीवर, एकावर एक. वाट बघत होती. भिंगरीला ढाल दिसली. लिंबाची फोड दिसली. गुरुवार दिसला.

"समोरची कड?" मावशीने विचारलं.

"नीट आहे," भिंगरी म्हणाली.

"पूर्ण उठलेली?"

"पूर्ण." एकदा तोंड उघडल्यावर पुढचं भराभर आलं. "मशीनमध्ये अडकून तुकडा उडाला असणार. फिरकीत होतं ना तसं."

मिशीवाल्यांनी केवढा तरी सुस्कारा सोडला. "वाचलो बाबा!"

काकूंनी साबणाच्या डबीचं झाकण उचललं, ओल्या बोटांनी पुसलं, पुन्हा पुसलं. "बरं," त्या म्हणाल्या. "असू दे. पुढच्या रविवारी बघू." त्या हसल्याही. ते हसू बघून भिंगरीने नजर वजनकाट्यावर नेली. काट्यावर आता काहीच नव्हतं, तरी ती तिथेच बघत राहिली.

"दे इकडे," मावशी म्हणाली.

"अगं मावशी, मी बघितलंय ना."

"तू बघितलंस. मी अजून कुठे बघितलंय?"

नाणं मावशीच्या तळहातावर गेलं. आधी अंगठा मागच्या बाजूवर टेकला आणि सात कमानी एकेक करून ओलांडून गेला, घराच्या पायऱ्या उतरावं तसा, सवयीने. मग कडेवर आला. चाव्यात उतरला, बाहेर पडला, पुढे निघाला. भिंगरी त्या अंगठ्याकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की तो चुकावा.

अंगठा थांबला. बरोबर समोर.

तिथून तो हललाच नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, फक्त दुसऱ्या हाताने तिने टेबलाची कड धरली, अगदी हलकेच, बस वळताना दांडा धरावा तशी.

मग तिने नाणं भिंगरीच्या हातात परत ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"पुन्हा बघ," ती म्हणाली. "घाई नाही."

भिंगरीने भिंग लावलं. भिंगातून सगळंच पाण्यात बुडल्यासारखं दिसत होतं. तिने बाहीने डोळे पुसले, पुन्हा लावलं.

"अक्षरं?"

"चाव्याकडे निमुळती होत गेलीत."

"समोरची कड?"

"सपाट आहे, मावशी."

"किती?"

"बोटाच्या रुंदीएवढी. बरोबर समोर."

"मग काय म्हणायचं याला?"

भिंगरी पुटपुटली.

"मला नको सांगू. मला कळलंय," मावशी म्हणाली. "ज्यांनी आणलंय त्यांना सांग. दोन वर्षं थांबल्यात त्या."

भिंगरी स्टुलावरून उठली. काकू दाराशी पोहोचल्या होत्या, एक पाय बाहेर, रिकामीच डबी पिशवीत घालत.

"काकू," ती म्हणाली, आणि मग तिचा नेहमीचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज एकदाचा परत आला. "काकू, खरं आहे! मी चुकीचं सांगितलं. तुमचं नाणं खरं आहे!"

काकू तशाच उभ्या राहिल्या. "पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

"खरं आहे."

काकू मटकन खाली बसल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून त्या तिकिटांच्या खोक्यावर बसल्या, आणि मिशीवाल्यांनी त्याबद्दल एक अक्षरही काढलं नाही. ते मिशीला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

मावशीने कागद ओढला. लिहिण्याआधी ओळ कुठे सुरू होते ते बोटाने चाचपलं. मोठी, थोडी चढउताराची अक्षरं: खरं. त्याखाली तिने आणखी लिहिलं, आणि भिंगरीने ते खांद्यावरून वाचलं: तपासणी टेबल क्रमांक चार. खाली सही केली, पूर्ण नावाची. एरवी ती नुसतं एक अक्षर काढायची.

"चार नंबर?" काकूंनी चिठ्ठी वाचत विचारलं. "ते कसं कळलं तुम्हाला?"

"तिथे मीच बसत होते."

"अगंबाई. म्हणजे हे तुमच्याच हातून..." काकू तिथेच थांबल्या.

"हो. माझ्याच हातून." मावशीने पेनाचं टोपण लावलं. "एकदा धरू का हो? परत देते लगेच."

काकूंनी नाणं तिच्या हातावर ठेवलं. मावशीने ते मुठीत घेतलं, वजन बघावं तशी मूठ थोडी वरखाली केली. "एकोणीस वर्षं बाहेर फिरतंय," ती म्हणाली. "किती खिशांतून गेलं असेल. एकानेही परत पाठवलं नाही." आणि ती हसली. बँकेतल्या यंत्रासमोर हसली होती ना, अगदी तशीच.

मिशीवाल्यांचा आवाज खोल गेला होता. "बाई, पण सुटलं कसं? तुमच्या नजरेतून?"

"पापणी मिटली असेल," मावशी म्हणाली. "मिटून उघडेपर्यंत पट्ट्यावरून आठ-दहा नाणी जायची. पाच महिन्यांत किती वेळा मिटली असेल, बघा तुम्हीच." मग ती त्यांच्याकडे वळली. "आणि ती मिशी काढू नका. आम्हाला अंधुक दिसणाऱ्यांना दुकान तिच्यामुळेच सापडतं."

"नाही, नाही!" खोक्यावरून काकू गरजल्या. "शब्द म्हणजे शब्द! मी स्वतः वस्तरा आणते!"

त्या गोंधळात सगळ्यांनी नाणं बघायला मागितलं. काकू ते कुणाच्या हातात देईनात. साबणाच्या डबीतच सगळ्यांसमोर फिरवून आणत होत्या, आणि प्रत्येकाला चावा नव्हे, समोरची कड दाखवत होत्या. "इथे बघा, इथे. सपाट आहे ना? हेच खरं असतं."

भिंगरी स्टुलावर परत येऊन बसली होती. हात मांडीखाली, मान खाली. मावशी आता काय म्हणेल ते ती मनात जुळवून बघत होती. सगळ्यात वाईट म्हणजे, मावशी काहीच न म्हणता उठेल आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाला तरी बरोबर आणेल.

"पुढचं," मावशी म्हणाली.

रांगेतल्या एका शिंपिणीने पाकिटातून नाणं काढून टेबलावर ठेवलं. यालाही चावा होता, लहानसा, नखाएवढा. मावशीने त्याला हात लावला नाही. ते तसंच दोन बोटांनी भिंगरीपुढे सरकवलं, आणि भिंगही.

"समोरची कड?"

भिंगरीने वर बघितलं. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती, धुरकट डोळे अर्धे मिटून, हात मांडीवर, एकावर एक. वाट बघत होती.

भिंगरीने भिंग उचललं आणि नाण्यावर वाकली. तिने डोळा इतका ताणून उघडला, की तो जळजळायला लागला, त्यातून पाणी येऊ लागलं, तरी ती हलेना. नाणं कणाकणाने फिरवत राहिली. अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. शिंपीण काळजीने बघायला लागली.

"पापणी मिट गं मध्ये मध्ये," मावशी म्हणाली. "मिटावीच लागते."